इंदुरात मावठा, हनुमान टिब्ब्यावर हिम

जानेवारीत एखाद्या रात्री इंदूरच्या आकाशात चंद्राला मोठे खळे पडते. गारठा एकाएकी ओसरतो, अंगावरची शाल जड वाटू लागते. सराफ्यात गराडूच्या कढईभोवती उभे असलेले लोक वर बघतात आणि कोणीतरी म्हणतेच, आता मावठा येणार. बहुधा येतोही. कधी नुसता शिडकावा, कधी तास-दोन तास सरी. मग आभाळ धुतल्यासारखे निवळते, उत्तरेचा बोचरा वारा सुटतो आणि पारा धाडकन खाली येतो. रामबागेत, लोकमान्यनगरात पुन्हा स्वेटर निघतात.

माळव्यातला शेतकरी या पावसाचा हिशेब गहू-हरभऱ्यात मांडतो. हलका मावठा झाला तर एक पाणीपाळी फुकटात मिळाली. गारा आल्या तर उभे पीक आडवे. ढग चार दिवस रेंगाळले तर हरभऱ्यावर घाटेअळी. आणि आभाळ निवळल्यावर, माळवीत ज्याला पाला म्हणतात तो पडला, म्हणजे पानांवर दव गोठले, तर बटाट्याचे शेत एका रात्रीत करपते.

त्याच दिवसांत इंदूरपासून सरळ रेषेत हजारेक किलोमीटर उत्तरेला, मनालीत, काही माणसे खिडकीशी बसून हा मावठा आणणाऱ्या प्रणालीचा हिशेब सेंटीमीटरमध्ये मांडत असतात. अंगणातल्या टेबलावर किती हिम साचले, कोरडे आहे की ओले, वारा कुठून आला आणि मुख्य म्हणजे हे सगळे थांबणार कधी. हेलिकॉप्टरची पाती बांधून ठेवलेली असतात. ढग हटल्याशिवाय ती फिरणार नाहीत, आणि ढग आल्याशिवाय ती फिरवण्यात अर्थ नाही. हेली-स्कीइंगचा सगळा हंगाम या पेचात चालतो.

स्कीइंगच्या नेहमीच्या जागी माथ्यावर जायला लिफ्ट किंवा रोपवे असतो आणि उतारावर यंत्राने सारखी केलेली वाट असते. हेली-स्कीइंगमध्ये यातले काहीच नसते. हेलिकॉप्टर चार-पाच स्कीपटूंना आणि त्यांच्या वाटाड्याला एखाद्या कड्याच्या माथ्यावर उतरवते आणि खाली दरीत जाऊन त्यांची वाट बघते. मधल्या उतारावर कोणाचाही माग उमटलेला नसतो. ऑस्ट्रियात जन्मलेल्या आणि कॅनडात स्थायिक झालेल्या हान्स ग्मोझर या गिर्यारोहक वाटाड्याने १९६५ मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या बुगाबू डोंगरांत हा प्रकार व्यवसाय म्हणून सुरू केला. हिमालयात तो पुढच्या पिढीत आला. सिल्वाँ सोदाँ या स्विस स्कीपटूने १९८०च्या दशकात काश्मीरमध्ये हेलिकॉप्टरने स्कीपटू न्यायला सुरुवात केली, आणि १९९०च्या सुमारास मनालीच्या परिसरात हनुमान टिब्बा, देव टिब्बा, चंद्रखणी, रोहतांग या बाजूच्या उतारांवर हा खेळ रुजला.

इथे शब्दाची एक अडचण आहे. मराठीत रसवंतीतल्या लादीलाही बर्फ म्हणतात आणि आभाळातून भुरभुरते त्यालाही बर्फच. काश्मिरीत दुसऱ्यासाठी शीन हा वेगळा शब्द आहे. या लेखात त्याला हिम म्हटले आहे, कारण हेली-स्कीइंगमध्ये लादीसारखा कडक बर्फ पायाखाली आला तर दिवस वाया गेला असे समजतात.

हे हिम आणणाऱ्या प्रणालीला हिंदी वर्तमानपत्रे पश्चिमी विक्षोभ म्हणतात, मराठीत पश्चिमी झंझावात हा शब्द रुळला आहे. झंझावात म्हटले की झाडे उन्मळून पाडणारे वादळ डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात ही वर, नऊ-दहा किलोमीटर उंचीवरून वाहणाऱ्या पश्चिमी जेट वाऱ्यात पडलेली एक खोलगट लाट असते. भूमध्य समुद्राच्या आसपास ती तयार होते, इराक, इराण, अफगाणिस्तान ओलांडत पूर्वेकडे सरकते, वाटेत कॅस्पियन समुद्राकडून, इराणच्या आखातातून, अरबी समुद्रातून बाष्प गोळा करते. हिवाळ्यात महिन्याला साधारण चार ते सहा अशा लाटा उत्तर भारतावरून जातात. भारतीय हवामानावरचा त्यांचा परिणाम पी. आर. पिशारोटी आणि बी. एन. देसाई यांनी १९५६ मध्ये एका निबंधात मांडला. हेच पिशारोटी पुढे १९६२ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे पहिले संचालक झाले.

बहुतेक लाटा इंदूरला नुसते विरळ, तंतुमय ढग दाखवून निघून जातात. चंद्राचे खळे त्याच ढगांचे. पाच-सात किलोमीटरहून वर असलेल्या या ढगांत बर्फाचे सूक्ष्म षट्कोनी स्फटिक असतात, त्यांतून चांदणे वाकते आणि कडे दिसते. लाट खूप खोल असली, दक्षिणेकडे लांब उतरली, तर राजस्थानावर जमिनीलगत वाऱ्यांचे एक चक्र तयार होते. ते अरबी समुद्राचे बाष्प आत ओढते आणि मावठा माळव्यापर्यंत पोचतो. कधी त्याहूनही खाली. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा, विदर्भ आणि मध्य महाराष्ट्रात जी गारपीट झाली, शेतात पांढरा थर साचला, द्राक्षबागा आणि ज्वारी झोपली, तिच्यामागच्या कारणांत अशाच खोल पश्चिमी लाटांचा हात होता. मराठी मुलुखाला ही प्रणाली अनोळखी नाही, फक्त तिची चांगली बाजू आपल्या वाट्याला क्वचित येते.

ती चांगली बाजू हिमालयात दिसते, आणि तिचे गणित सह्याद्री ओळखणाऱ्याला लगेच समजेल. पावसाळ्यात अरबी समुद्राचा वारा सह्याद्रीवर चढतो, गार होतो आणि महाबळेश्वर झोडपले जाते. वाईच्या पुढे माण-खटावात उरते ती ढगांची सावली. हिवाळ्यात पश्चिमेकडून आलेला वारा असाच आधी पीर पंजाल आणि धौलाधारच्या रांगांवर चढतो. काश्मीरमधले गुलमर्ग पीर पंजालच्या उतारावर आहे, म्हणून तिथे हिम भरपूर आणि काहीसे जड. रोहतांगच्या पलीकडे लाहौलमध्ये ते कमी आणि कोरडे होत जाते, लडाख-काराकोरमकडे आणखी कोरडे आणि कडाक्याचे थंड. हिमाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ पश्चिम हिमालयाचे याच क्रमाने तीन पट्टे पाडतात. मनालीचे हेली-स्कीइंग पहिल्या आणि दुसऱ्या पट्ट्याच्या शिवेवर चालते, आणि त्याची कीर्ती बरीचशी या शिवेमुळेच आहे: हिम पुरेसे पडते आणि उंचीमुळे बरेचसे कोरडेही राहते.

उंचीचा हिशेब सोपा आहे. हवेत हजार मीटर वर गेले की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. मनाली दोन हजार मीटरच्या थोडी वर आहे. दुपारी बाजारात आठ अंश असतील तर साडेचार हजार मीटरवरच्या कड्यावर उणे आठ. म्हणून बाजारात चिखल करणारा रिमझिम पाऊस वर भुसभुशीत हिम होऊन पडत असतो. जानेवारीत मॉल रोडवर पाऊस बघून हिरमुसलेल्या पर्यटकाच्या डोक्यावर, दोन किलोमीटर उंचीवर, स्कीपटूंचा आठवडा सजत असतो.

आता एका लाटेचा प्रवास दिवसागणिक पाहू. पहिल्या दिवशी पश्चिमेकडून तंतुमय ढग येतात, दुपारपर्यंत सूर्य दुधी काचेआड गेल्यासारखा होतो, उबारा वाढतो. इंदुरात शाल नकोशी होते ती याच वेळी. दुसऱ्या दिवशी ढग खाली उतरतात, डोंगरमाथे दिसेनासे होतात, हिम सुरू होते. सुरुवातीला हवा तुलनेने उबदार असल्याने ते जरा ओलसर, जड असते. तिसऱ्या दिवशी लाटेचा मागचा भाग येतो, थंड हवा शिरते आणि वरचा थर हलका होत जातो. खाली जड, वर हलके, हा क्रम नशिबाने मिळाला तर स्कीपटू देवाचे आभार मानतात. असा थर खाली चिकटून बसतो आणि वर पिसासारखा उडतो. उलटा क्रम मात्र धोक्याचा, कारण जड पापुद्रा हलक्या थरावर तरंगत राहतो. चौथ्या दिवशी वायव्येचा वारा आभाळ झाडून काढतो. त्याच वाऱ्याची पुढची लाट पंजाब, राजस्थान ओलांडून माळव्यात येते आणि इंदूरची शाळेची वेळ पुढे ढकलली जाते. मनालीत ही हेलिकॉप्टर उडण्याची पहिली सकाळ.

पावडर म्हणतात ते हिम नेमके काय असते? हिमाचा स्फटिक कोणत्या आकाराचा होईल हे ढगातल्या तापमानावर आणि बाष्पावर ठरते. जपानमधल्या होक्काइदो विद्यापीठात उकिचिरो नाकाया यांनी १९३६ मध्ये प्रयोगशाळेत हिमस्फटिक तयार केला आणि तापमान-बाष्पाच्या जोडीने आकारांचा नकाशाच काढला. उणे पंधरा अंशांच्या आसपास, भरपूर बाष्पात, झाडाच्या फांद्यांसारखे फुटलेले सहा हातांचे चांदणीदार स्फटिक वाढतात. ते एकमेकांवर पडले की हात हातात अडकून मधे हवाच हवा राहते. असे ताजे हिम घनमीटरला पन्नास ते शंभर किलो भरते, तेवढ्याच पाण्याचे वजन हजार किलो. म्हणजे इंदूरच्या पर्जन्यमापकात वीस मिलिमीटर मावठा भरला असे समजा; तेवढेच पाणी थंड माथ्यावर हिम होऊन पडले तर थर वीस ते चाळीस सेंटीमीटरचा. गुडघ्याच्या आसपास. त्यातून खाली येताना पायाखाली जमीन लागत नाही, आवाज होत नाही, आणि ज्यांनी हे अनुभवले ते त्याची तुलना पोहण्याशी करतात.

पण हे सुख फार टिकत नाही, आणि हिमालयात तर आल्प्सपेक्षाही कमी टिकते. कारण सूर्य. आल्प्स शेहेचाळीस उत्तर अक्षांशाच्या आसपास आहेत, मनाली बत्तीसवर. २१ मार्चला आल्प्समध्ये मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून चव्वेचाळीस अंशांवर असतो, मनालीत अठ्ठावन्नवर. चव्वेचाळीस अंश म्हणजे किती, हे इंदूरकराला चांगले माहीत आहे: २२ डिसेंबरच्या दुपारी, वर्षातला सर्वांत लहान दिवस असताना, इंदूरच्या गच्चीवर सूर्य एवढ्याच उंचीवर असतो, आणि त्या उन्हात वाळवण चांगले वाळते. मनालीच्या मार्चमधले ऊन त्याहून किती कडक, शिवाय हवा विरळ आणि चहूकडून हिमाचे परावर्तन. दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावरची पावडर त्या उन्हात एका दुपारीत ओलसर होते आणि रात्री गोठून तिच्यावर खापरीसारखा पापुद्रा धरतो. उत्तरेकडच्या उतारावर ऊन तिरपे पडते किंवा पडतच नाही. तिथे तेच हिम आठवडाभर मऊ राहू शकते. म्हणून हेली-स्कीइंगच्या वाटाड्याचा नकाशा दिशांनी वाचला जातो. आज कोणते शिखर, हा त्याचा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, कोणते तोंड.

हंगाम कसा उलगडतो तेही याच नियमांनी ठरते. नोव्हेंबर-डिसेंबरात लाटा अशक्त असतात. थोडे हिम पडते, मग आठवडेच्या आठवडे निरभ्र, कडाक्याच्या रात्री. पर्यटकाला हे चित्र शुभ्र आणि निरागस दिसते. जाणकार मात्र याच काळात अस्वस्थ असतो. जमिनीलगतचे हिम शून्याच्या आसपास उबदार, वरचा पृष्ठभाग उणे पंधरा, आणि मधला थर जेमतेम अर्धा मीटर. एवढ्या कमी जाडीत एवढा फरक असला की खालची वाफ हिमातून वर सरकते आणि जाता जाता स्फटिकांचा आकारच बदलून टाकते. चांदण्यांचे टोकदार, सुटे दाणे होतात. मुठीत घेतले तर कोरड्या साबुदाण्यासारखे बोटांतून निसटतात, लाडू वळला जात नाही. उरलेला सगळा हिवाळा या साबुदाण्यावर उभा राहणार असतो.

काश्मिरी पंचांगात २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलान, पुढचे वीस दिवस चिल्लई खुर्द आणि नंतरचे दहा दिवस चिल्लई बच्चा. या चाळीस दिवसांत पडलेले हिम टिकते, पुढचे लवकर विरघळते, हे तिथल्या घरोघरी माहीत असते. झरे, विहिरी, पुढच्या उन्हाळ्याचे भाताचे पाणी याच चाळीस दिवसांवर अवलंबून. हेली-स्कीइंगवाल्यांसाठी मात्र चिल्लई कलान अवघड: लाटा एकामागून एक, दिवस लहान, ढगांतून फट सापडत नाही. हिम सर्वांत सुंदर आणि उड्डाणे सर्वांत कमी. फेब्रुवारीत लाटा जोरातच असतात, पण दिवस मोठा होतो आणि दोन लाटांमधली उघडीप हाती लागते. म्हणून फेब्रुवारी ते मार्चचा मध्य हा काळ बहुतेकांना आवडतो. मार्चचा मध्य उलटला की खेळ बदलतो. रात्री गोठलेले, दिवसा वितळलेले हिम पुन्हा पुन्हा या चक्रातून जाऊन मक्याच्या दाण्यांसारखे गोल होते. स्कीपटू त्याला कॉर्न स्नो म्हणतात. सकाळी दहा-अकराच्या सुमारास वरचे दोन बोटे हिम नेमके मऊ होते आणि तासाभरासाठी उतार लोण्यासारखा लागतो. त्याआधी गेले तर दगड, नंतर गेले तर घोट्यापर्यंत लगदा. भुट्ट्याच्या किसावर प्रेम करणाऱ्या इंदूरला हे नाव तरी लक्षात राहायला हरकत नाही.

मार्चमध्ये आणखी एक गोष्ट होते. उन्हाने तापलेल्या दरीतली हवा दुपारी उतारांवरून वर चढू लागते आणि स्वच्छ सकाळनंतर बारा-एकच्या सुमाराला माथ्यांवर ढगांचे गोळे जमतात. त्यामुळे उड्डाणे सकाळी लवकर सुरू करून दुपारी आटोपतात.

हवामान हेलिकॉप्टरला नेमके कुठे अडवते, हे सहसा सांगितले जात नाही. साडेचार हजार मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण त्रेसष्ट टक्के उरते. पात्यांना धरायला हवाच कमी, इंजिनालाही कमी. मैदानात जेवढी माणसे लीलया उचलता येतात तेवढी इथे येत नाहीत. हवा जरा उबदार झाली की ती आणखी विरळ होते, म्हणून मार्चच्या दुपारी वैमानिक कधी एक माणूस खाली ठेवतो. ढगाळ दिवशी दुसरा पेच: वर पांढरे, खाली पांढरे, सावली नाहीच. उतार कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे डोळ्याला कळत नाही. उतरताना पात्यांच्या वाऱ्याने ताजे हिम भोवऱ्यासारखे उसळते आणि काही क्षण काचेबाहेर काहीच दिसत नाही. तेव्हा वैमानिक नजर रोखतो ती एखाद्या खडकावर किंवा आधी रोवून ठेवलेल्या खूणकाठीवर. गुलमर्गमध्ये ढगाळ दिवशी झाडांत शिरता येते. झाडांच्या काळ्या खोडांमुळे उतार दिसतो आणि रोपवेने वर जाता येते. तिथला रोपवे आधी १९९८ मध्ये कोंगडोरीपर्यंत आणि मग २००५ मध्ये अफरवत डोंगराच्या अंगावर जवळजवळ चार हजार मीटरपर्यंत गेला. मनालीच्या वरचे हेली-स्कीइंगचे उतार मात्र झाडांच्या रेषेच्या बरेच वर आहेत. तिथे ढग म्हणजे सुट्टी. सात दिवसांसाठी गेलेल्याने दोन-तीन दिवस खिडकीत बसायची तयारी ठेवलीच पाहिजे. माहितीपत्रकातला निळ्या आभाळाखालचा फोटो खरा असतो, पण तो आठवड्यातल्या एका सकाळचा असतो.

धोका कुठे असतो? लाट येताना वारा बहुधा नैऋत्य-पश्चिमेचा असतो. तो माथ्याच्या अलीकडचे हिम उचलतो आणि पलीकडे, ईशान्य-पूर्वेच्या उतारांवर नेऊन टाकतो. आभाळातून पडले त्याच्या कितीतरी पट हिम तिथे साचते, आणि वाऱ्याने चुरल्यामुळे ते घट्ट पाटीसारखे बसते. या पाटीखाली डिसेंबरचा साबुदाणा असला तर वर पडलेल्या एका माणसाच्या वजनाने ती तडकू शकते. हिमस्खलने बहुतेक तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवर होतात, आणि स्कीपटूला नेमका हाच उतार आवडतो. शिवाय उत्तरेकडचा, ऊन न लागलेला, पावडर जपणारा उतार तोच. सर्वांत मोहक आणि सर्वांत लबाड जागा एकच असते, म्हणून लाट ओसरल्यावरचे पहिले एक-दोन दिवस, जेव्हा सगळ्यांना उडायची घाई असते, तेव्हाच सर्वाधिक सावध राहावे लागते.

वाटाडे यासाठी हिमात खड्डा खणतात. भिंत उभी कापली की हंगामाचे थर दिसतात: जानेवारीतला मोठा हिमपात, त्यावरचा उन्हाचा पापुद्रा, खाली सुटे दाणे. मग हिमाचा एक उभा खांब मोकळा करून त्यावर फावडे ठेवतात आणि मनगटातून दहा थापा, कोपरातून दहा, खांद्यातून दहा अशा मारतात. मनगटाच्या थापांतच थर सरकला तर त्या उतारावर जायचे नाही. प्रत्येकाच्या अंगावर रेडिओ संदेश सोडणारे यंत्र असते, पाठीवर फावडे आणि लांब सळई. गाडलेला माणूस दहा-पंधरा मिनिटांत सापडला तर वाचण्याची आशा मोठी. अर्धा तास उलटला की वाचणाऱ्यांचे प्रमाण तीनात एकावर येते. तेवढ्या वेळात बाहेरून मदत पोचत नाही, त्यामुळे शोधणारे आणि हरवलेले एकाच गटातले असतात.

भारतात या विषयाचा अभ्यास लष्कराच्या गरजेतून उभा राहिला. १९४८ मध्ये जनरल थिमय्या यांच्या पुढाकाराने गुलमर्गला स्की प्रशिक्षण सुरू झाले, त्यातूनच आजचे उच्च पर्वतीय युद्धशाळा हे केंद्र वाढले. ज्या लष्करी प्रशिक्षण कमांडच्या अखत्यारीत ते येते तिची सुरुवात इंदूरच्या शेजारी महूला १९९१ मध्ये झाली होती. १९९३ मध्ये ती शिमल्याला गेली. मनालीत १९६९ मध्ये हिम आणि हिमस्खलनाच्या अभ्यासाची स्वतंत्र संस्था निघाली. २०२० मध्ये ती संरक्षण संशोधन संघटनेच्या एका नव्या संस्थेत विलीन झाली, आणि हिमस्खलनाचे इशारे आता तिथून दिले जातात. एवढे असूनही ८ फेब्रुवारी २०१० रोजी गुलमर्गजवळ खिलनमर्गला प्रशिक्षण घेणाऱ्या तुकडीवर हिमस्खलन कोसळले आणि १७ जवान गेले. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी, काही दिवसांच्या जोरदार हिमपातानंतर, कोंगडोरीच्या बाजूला एक रशियन स्कीपटू मृत्युमुखी पडला. डोंगराचे ज्ञान असणाऱ्यांनाही तो चकवतो, हे लक्षात घेतले तर एखाद्या सकाळी वाटाडा निळ्या आभाळाखाली नाही म्हणतो तेव्हा त्याच्याशी हुज्जत घालू नये. पैसे भरलेल्या गिऱ्हाइकाला नाही म्हणता येणे हीच त्या माणसाची खरी लायकी आहे.

त्या २०२४च्या हिवाळ्याची सुरुवातच विचित्र होती. जानेवारीत गुलमर्गचे उतार तपकिरी होते. जिथे एरवी पायाखाली हिम असते तिथे वाळलेले गवत, आणि चिल्लई कलान जवळजवळ कोरडा निघाला. जोरदार लाटाच आल्या नाहीत. जानेवारी संपता संपता हिम पडले आणि फेब्रुवारीत एवढे पडले की खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा पार पडल्या. पुढच्या वर्षी, २०२५ मध्ये, त्याच स्पर्धांचा गुलमर्गचा टप्पा फेब्रुवारीत हिमाअभावी पुढे ढकलावा लागला आणि मार्चमध्ये झाला. दोन वर्षांवरून निष्कर्ष काढता येत नाही. पण अलीकडचे संशोधन सांगते की पश्चिमी लाटांचा हंगाम लांबत चालला आहे, त्या वसंतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावरही येऊ लागल्या आहेत. मार्च-एप्रिलमधले हिम उबदार जमिनीवर पडते आणि लवकर वाहून जाते. चाळीस दिवसांच्या थंडीत मुरलेल्या हिमाची जागा ते घेऊ शकत नाही. आणि मैदानात तीच उशिराची लाट काढणीला आलेल्या गव्हावर गारा घेऊन येते.

हिमालयातले हिम आणि मैदानातला पावसाळा यांचा संबंध लावणारा माणूस हेली-स्कीइंगच्या कितीतरी आधीचा. १८७५ मध्ये हवामान खाते स्थापन झाले तेव्हा त्याचे प्रमुख होते एच. एफ. ब्लॅनफोर्ड. १८७७च्या दुष्काळानंतर त्यांनी शोध घेतला आणि १८८४ मध्ये मांडले की हिमालयात हिवाळा-वसंतात हिम जास्त साचले तर पुढचा पावसाळा कमकुवत होण्याकडे कल असतो. या धाग्यावर १८८२पासून प्रायोगिक अंदाज दिले गेले आणि १८८६ मध्ये पहिला अधिकृत दीर्घकालीन अंदाज निघाला. हिमाने झाकलेली जमीन ऊन परतवते, उरलेली उष्णता वितळण्यात खर्च होते, जमीन उशिरा तापते, ही त्यामागची कल्पना. पुढे त्यात समुद्रांचे तापमान, एल निनो अशा अनेक गोष्टी मिसळल्या आणि ते नाते ब्लॅनफोर्डना वाटले तेवढे सरळ नाही हे कळले. तरी हिमाच्छादन अजून शास्त्रज्ञांच्या नजरेखाली असते; आता ते उपग्रहातून मोजतात.

त्या उपग्रहचित्रांत इंदूरकरालाही रस वाटावा. हवामान खात्याच्या संकेतस्थळावर इन्सॅट उपग्रहाची छायाचित्रे दर अर्ध्या तासाने येतात. जानेवारीत चंद्राला खळे पडलेल्या रात्री ती उघडून पाहिली तर अरबी समुद्रापासून राजस्थानावरून काश्मीरकडे वाकत गेलेला ढगांचा पांढरा पट्टा दिसतो. पट्ट्याचे खालचे टोक गुजरात-माळव्यावर असले तर सकाळी सराफ्याच्या फरशा ओल्या असतील. वरचे टोक पीर पंजालवर घट्ट बसले असेल तर गुलमर्गचा रोपवे बंद असेल आणि मनालीच्या तळावर कोणीतरी अंगणातल्या टेबलावर उभी पट्टी खुपसून आकडा वहीत लिहीत असेल.

एप्रिलच्या मध्यावर इंदूरच्या छावणी मंडईत नव्या गव्हाच्या गाड्या लागतात तेव्हा मनालीचा हेलिकॉप्टरचा तळ रिकामा झालेला असतो. रोहतांगवर सीमा रस्ते संघटनेची यंत्रे माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंचीच्या हिमाच्या भिंती कापत वर सरकत असतात. त्या भिंतींत हंगामाचे थर उघडे पडतात: तळाशी डिसेंबरचे सुटे दाणे, त्यावर जानेवारीचा जाड पट्टा, मधे कुठे पश्चिमेकडच्या वाळवंटातून आलेल्या धुळीची तांबूस रेघ, आणि सर्वांत वर मार्चचा ओलसर, मक्याच्या दाण्यांसारखा थर, ज्यातून थेंब थेंब पाणी बियासकडे निघालेले असते.